राज्य विरुद्ध प्रेत: एजफील्डच्या मृत्यू-चौकशीचे कागद कसे वाचावेत

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत कुणी मारला गेला किंवा संशयास्पद रीतीने मेला, तर चौकशी कोण आणि कशी करत असे? आणि ते कागद आज हाती लागले तर त्यांवर कितपत विसंबायचं? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: जबान्यांवर बरंच, निकालावर फार कमी. तसं का, हे कळायला मात्र पहिला भाग नीट समजून घ्यावा लागतो.

दक्षिण कॅरोलायनातला एजफील्ड धरून सांगतो. तिथे हिंसाही भरपूर झाली आणि कागदही टिकले. सव्हाना नदीच्या अलीकडे एजफील्ड, पलीकडे जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा. १८६८ ची राज्यघटना येईपर्यंत या राज्यात काउंटीला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणत, म्हणून जुनी कागदपत्रं शोधताना दोन्ही नावांनी शोधा. १८६० च्या जनगणनेत इथली वस्ती ४०,००० च्या आसपास होती आणि त्यातले सुमारे ६० टक्के लोक गुलाम होते. मे १८५६ मध्ये सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना छडीने बेशुद्ध होईपर्यंत मारणारे प्रेस्टन ब्रुक्स इथलेच प्रतिनिधी. कोर्टाने त्यांना ३०० डॉलर दंड केला. ब्रुक्स यांनी राजीनामा दिला आणि मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून पाठवलं. चौकशीची ज्युरी याच मतदारांमधून उचलली जात असे, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात असू द्या.

चौकशी कशी चाले

चौकशीचा अधिकारी म्हणजे कोरोनर. हे पद बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधून आलेलं. (मुंबईकरांना ते परकं नाही. १८७१ च्या कायद्याखाली मुंबई शहरात कोरोनर होता, तो १९९९ पर्यंत.) एजफील्डच्या कोरोनरला वैद्यकी येणं अपेक्षितच नव्हतं. तो शेतकरी असे, दुकानदार असे. पगार नसे, दर चौकशीमागे फी आणि प्रवासाचे पैसे मिळत. कोरोनर लांब असेल तर जवळचा मॅजिस्ट्रेट त्याच्या जागी चौकशी करी. १८६१-६५ च्या यादवी युद्धानंतरच्या काळात हे काम ‘ट्रायल जस्टिस’ नावाच्या अधिकाऱ्याकडे आलं. म्हणून कागदावर कोरोनरची सही नसली तर तो कागद खोटा समजू नका; सही कुणाची आणि कोणत्या अधिकाराने, ते पाहा.

प्रेत सापडलं की कुणीतरी घोड्यावरून निरोप नेई. कोरोनर कॉन्स्टेबलच्या नावे हुकूम काढी: अमुक ठिकाणी, अमुक वेळी, आसपासचे ज्युरर हजर करा. निकालाला किमान बारा जणांचं एकमत लागे, म्हणून सहसा बारा किंवा एखाद-दोन जास्त माणसं बोलावली जात. १८६८ पर्यंत ही सगळी गोरी पुरुष मंडळी. जागा म्हणजे प्रेत असेल ती: झोपडी, कापसाची सरकी काढायचं जिनघर, नदीचा काठ, रेल्वेचा रूळ, दुकानाचा ओटा.

यातली सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे प्रेत डोळ्यांनी पाहणं. प्रेत न पाहता केलेली चौकशी कायद्याने रद्दबातल. पुरलं असेल तर उकरून काढायचं, सगळ्या ज्युरीने पाहायचं, मगच शपथ घेऊन साक्षी ऐकायच्या. अधिकारक्षेत्रही प्रेतावरूनच ठरे. हल्ला कुठेही झालेला असो, प्रेत ज्या काउंटीत, तिथला कोरोनर. नदीकाठच्या प्रकरणांत ही गोष्ट फार आडवी येते. एजफील्डच्या बाजूला पाण्यात पडलेला माणूस जॉर्जियाच्या काठाला लागला, तर त्याची चौकशी ऑगस्टाच्या दफ्तरात शोधावी लागते. एजफील्डच्या दफ्तरात काहीच मिळालं नाही म्हणून चौकशी झालीच नाही, असा निष्कर्ष काढणारे इथे हमखास फसतात.

साक्षी एकेक करून होत. कोरोनर किंवा ज्याचं अक्षर बरं तो ज्युरर जबानी लिहून काढी, साक्षीदार सही करी, लिहिता येत नसेल तर फुली. डॉक्टर मिळाला तर त्याचीही जबानी. मग निकाल. एखाद्याचं नाव आरोपी म्हणून आलं तर त्याला पकडण्याचा हुकूम निघे आणि साक्षीदारांकडून पुढच्या कोर्टात हजर राहण्याचा जामीनखत घेतला जाई. आपल्याकडचे पंच पाहिलेल्या गोष्टीला साक्ष राहतात. ही ज्युरी त्यापुढे जाऊन मृत्यू कशाने आणि कुणामुळे झाला, हे शपथेवर ठरवत असे आणि त्यात माणसाचं नाव घेत असे.

सगळे कागद तिघडी करून, वर थोडक्यात मजकूर लिहून, फौजदारी कोर्टाच्या क्लार्ककडे जात. दक्षिण कॅरोलायनात या चौकशीचं शीर्षक ‘राज्य विरुद्ध अमक्याचं प्रेत’ असं असे. पुढे एखाद्यावर खटला झालाच, तर तो ‘राज्य विरुद्ध’ आरोपीच्या नावाने वेगळ्या गठ्ठ्यात जाई. म्हणजे एकाच मृत्यूचे कागद दोन नावांखाली, दोन ठिकाणी. मृताचं नाव घेऊन खटला शोधू नका, आरोपीचं घेऊन शोधा.

कागदावरची भाषा

चौकशीच्या मुख्य कागदाचा साचा ठरलेला होता: तारीख, जागा, कोरोनर, ज्युररांची नावं, आणि ‘केव्हा, कुठे आणि कोणत्या कारणाने’ मृत्यू आला याचा शोध. खून किंवा आत्महत्या असेल तर ‘देवाचं भय डोळ्यांपुढे न ठेवता, सैतानाच्या चिथावणीने’ अशा अर्थाची ओळ येते. ती नमुन्यातून उतरवलेली आहे. तिच्यावरून ज्युरी धार्मिक होती की संतापलेली होती, काही ठरत नाही. ‘देवाची करणी’ हा निकाल म्हणजे नैसर्गिक मृत्यू, किंवा कारण सापडलं नाही.

नमुन्याबाहेर जे लिहिलंय ते खरं मोलाचं. खुनाच्या कागदात जखमेची जागा, लांबी, खोली आणि हत्यार सांगावं लागे. खोली बहुधा बोट किंवा सळई घालून मोजलेली असते, आणि सळई स्नायूंच्या थरांत नवी वाट सहज करते; त्यामुळे खोलीचा आकडा जपून घ्या. जखमेची जागा आणि दिशा त्यापेक्षा विश्वासाची. काळ्या बारुदीच्या बंदुका जवळून झाडल्या की कातडीवर आणि कपड्यावर काजळी व न जळलेले कण उमटतात, कधी कपडा पेटतोही. ‘सदरा जळालेला होता’ एवढी एक ओळ साक्षीदाराच्या ‘दहा-पंधरा पावलांवरून झाडली’ या दाव्याला उभा छेद देते. असा तपशील ज्युरीसमोर असूनही निकालात ‘स्वसंरक्षण’ आलं असेल, तर ती फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचा.

जखमेची तारीख आणि मृत्यूची तारीख वेगवेगळ्या टिपून ठेवा. जुन्या नियमाप्रमाणे जखम झाल्यापासून एक वर्ष आणि एक दिवसाच्या आत माणूस मेला तरच तो खून धरला जाई. तीन आठवडे तळमळून मेलेल्याच्या बाबतीत बचाव पक्षाचं ठरलेलं म्हणणं असे: जखमेने मेला नाही, डॉक्टरच्या उपचाराने किंवा तापाने मेला. प्रतिजैविकांआधीच्या काळात पोटातली गोळी म्हणजे जवळपास मरणच. तेव्हा ‘ताप’ हे खोटं नसे, पण तो गोळीनेच आलेला असे.

प्रेत पाहताना काय चुके

उन्हाळ्यात या भागात प्रेत एक-दोन दिवसांत फुगतं. चौकशी घाईत होण्याचं मुख्य कारण हेच. शीतगृह नाही, बर्फ नाही, आणि बारा शेतकऱ्यांना दिवसभर थांबवून ठेवता येत नाही.

कुजण्याच्या खुणा मारहाणीच्या वाटतात आणि उलटही. वायूच्या दाबाने जीभ बाहेर येते, त्यावरून ‘गळा दाबला’. नाकातोंडातून लालसर पाणी येतं, त्यावरून ‘डोक्यावर घाव’ किंवा ‘विष’. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला साकळतं आणि पाठीवर मोठे जांभळे डाग दिसतात, त्यावरून ‘मार’. जाणता डॉक्टर तिथे चीर देऊन पाहील: खऱ्या मुक्या मारात रक्त मांसात गोठून बसलेलं असतं आणि धुऊन जात नाही, साकळलेलं रक्त शिरांमध्ये असतं आणि पुसलं जातं. चीर दिल्याचा उल्लेख जबानीत असेल तर डॉक्टरचं मत वजनदार. नुसतं ‘पाठ काळीनिळी होती’ असेल तर दोन्ही शक्यता खुल्या ठेवा. गुलामांच्या मृत्यूत नेमका हाच मुद्दा निर्णायक असतो. साकळलेल्या रक्ताचा बहाणा करून मार झाकता येई.

विषाच्या प्रकरणांत सोमल सर्वांत जास्त. उंदरांसाठी तो कुठल्याही दुकानात मिळे, चवही जवळपास नसते, आणि उलट्या-जुलाब कॉलऱ्यासारखे दिसतात. १८३६ मध्ये मार्शची चाचणी प्रसिद्ध झाली, १८४१ मध्ये राइन्शची. राइन्शची ग्रामीण डॉक्टरच्या आवाक्यातली: पोटातला पदार्थ हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायचा, त्यात तांब्याची स्वच्छ पट्टी बुडवायची, करडा-काळा थर बसला तर सोमलाचा संशय. पण अँटिमनी आणि पाऱ्यानेही पट्टीवर थर बसतो, आणि त्या काळी टार्टर एमेटिक व कॅलोमेल ही औषधं जवळजवळ प्रत्येक आजाऱ्याला दिली जात; पहिल्यात अँटिमनी, दुसऱ्यात पारा. मार्शची चाचणी फार संवेदनशील, म्हणूनच धोक्याची: जस्त किंवा गंधकाम्लच अशुद्ध असेल तर सोमल नसताना सापडतो. त्यामुळे चाचणीआधी नुसती रसायनं तपासून पाहिली का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, जठर दोन्ही टोकांना बांधून, स्वच्छ बरणीत, मोहोर लावून पाठवलं का. कोलंबिया किंवा चार्ल्स्टन या राज्यातल्या मोठ्या शहरांपर्यंत बरणी नेणारा माणूस कोण होता, तिला कुणी हात लावला, हे जबानीत नसेल तर पुढचा निष्कर्ष कितीही ठाम असो, त्याला पाया नाही.

मुलांचे मृत्यू

या दफ्तरात लहान मुलांचे मृत्यू पुष्कळ आहेत. चुलाणाच्या उघड्या विस्तवावर सुती झगा पेटून भाजलेली मुलं, आईबाप शेतात असताना. युद्धानंतर रॉकेलच्या दिव्यांचे भडके: पेटत्या दिव्यात तेल भरणं, ओली लाकडं पेटवायला रॉकेल ओतणं, आणि नाफ्था मिसळलेलं स्वस्त तेल. निकाल ‘अपघात’, आणि तो बहुतेक खराच असतो.

झोपेत आईच्या अंगाखाली गुदमरलं म्हणून नोंदलेल्या बाळांचं तसं नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेसोबत मृत्यूंच्या स्वतंत्र याद्या केल्या होत्या. त्यांत त्या वर्षीच्या १ जूनपूर्वीच्या बारा महिन्यांतले मृत्यू, कारणासह आहेत. त्या याद्यांत ‘गुदमरून’ मेलेली बाळं गुलाम आयांच्या वाट्याला गोऱ्या आयांपेक्षा कितीतरी जास्त आलेली दिसतात. त्या काळच्या मालकांनी याचा अर्थ आईचा निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेला घात असा लावला. आज अभ्यासकांना त्यातल्या पुष्कळ मृत्यूंत बाळांचे अकस्मात मृत्यू दिसतात; गरोदर बाईला शेवटपर्यंत शेतात राबवलं की बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि कमी वजनाच्या बाळाला हा धोका जास्त. ज्युरीने दोष लिहिलेल्या त्या आईला आपली बाजू मांडायची सोयही नव्हती. म्हणून हा निकाल जसाच्या तसा आकडेवारीत ‘बालहत्या’ म्हणून मोजणं मला चुकीचं आणि अन्यायाचं वाटतं. वेगळा रकाना करा.

नवजात अर्भक विहिरीत किंवा झाडीत सापडलं की प्रश्न असे, जिवंत जन्मलं होतं का? डॉक्टर फुप्फुसं पाण्यात टाकून पाही: तरंगली तर श्वास घेतला होता. ही परीक्षा एकटी कधीच पुरेशी नव्हती. कुजलेल्या फुप्फुसात वायू होतो आणि ती तरंगतात. कुणी तोंडाने हवा फुंकून बाळाला जागवायचा प्रयत्न केला असेल तरी तरंगतात. काळजीपूर्वक करणारा डॉक्टर आधी हृदयासह, मग सुटी, मग तुकडे करून, शेवटी तुकडे दाबून पुन्हा टाकी. कुजण्याचा वायू दाबल्यावर बराचसा निघून जातो. जबानीत फक्त ‘तरंगली’ एवढंच असेल आणि प्रेत उन्हाळ्यात चार दिवसांनी सापडलं असेल, तर त्यावरून आईने जिवंत बाळ मारलं हे सिद्ध होत नाही.

गुलामाचा मृत्यू

इथे कायदा माहीत नसेल तर कागद कळणारच नाही. १७४० च्या कायद्याप्रमाणे गुलामाला जाणूनबुजून मारणाऱ्याला ७०० पौंड दंड होता, तोही वसाहतीच्या चलनात, म्हणजे साधारण १०० पौंड स्टर्लिंग. रागाच्या भरात किंवा ‘अतिरेकी शिक्षे’ने मारलं तर ३५० पौंड. गोरा साक्षीदार हजर नसताना गुलामाला इजा झाली तर संशय मालकावर येई, पण मालक स्वतःच्या शपथेवर त्यातून सुटू शकत असे. १८२१ मध्ये कायदा बदलला: जाणूनबुजून केलेल्या खुनाला मृत्युदंड, रागाच्या भरातल्या खुनाला जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड आणि सहा महिने कैद. कागदावर मोठा बदल. प्रत्यक्षात भिंत वेगळीच होती: गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष कोर्टात चालत नसे. आणि चाबकाने मारलेल्या माणसाचा मृत्यू पाहणारे बहुतेक गुलामच असत.

याचा चौकशीवर परिणाम असा. प्रेत पाहताना ज्युरीला आसपासच्या गुलामांकडून सगळं कळे, गाव लहान. पण खटल्यात टिकेल असा साक्षीदार नाही, आणि आरोपी शेजारी. मग निकालाच्या शब्दांत आडवाट निघते: ‘अज्ञात कारणाने’, ‘उन्हाने’, ‘तापाने’, ‘देवाच्या करणीने’. यातल्या ‘तापा’कडे वैद्यकीय नजरेने पुन्हा पाहा. मोठ्या प्रमाणावर स्नायू चिरडले गेले की त्यातले पदार्थ रक्तात उतरतात, मूत्रपिंडं बंद पडतात आणि माणूस काही दिवसांनी दगावतो. हे वैद्यकाला दुसऱ्या महायुद्धात, लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांवरून नीट कळलं. म्हणून जबानीत चाबूक सोमवारी, लघवी कमी किंवा काळपट झाल्याचा उल्लेख बुधवारी आणि मृत्यू शनिवारी असेल, तर निकालात ‘ताप’ लिहिलेला असला तरी मृत्यूचं कारण चाबूकच, असं मी ठामपणे म्हणेन.

मग गुलामाच्या मृत्यूची चौकशी होतच का असे? माणुसकीने करणारेही असतील. पण पैशाचा हिशेब विसरू नका. गुलाम भाड्याने दिला असेल आणि भाडेकऱ्याने, मुकादमाने किंवा रात्रीच्या गस्तीने त्याला मारलं, तर मालकाला नुकसानभरपाईचा दावा लावायला चौकशीचा कागद हवा असे. त्यामुळे मालकानेच मारलेल्यांपेक्षा दुसऱ्याने मारलेल्यांच्या चौकशा जास्त तपशिलाच्या मिळतात. हा फरक न धरता ‘मालक क्वचितच मारत’ असा निष्कर्ष काढला तर तो दफ्तराच्या घडणीतूनच आलेला असतो.

युद्धानंतर

१८६६ च्या केंद्रीय नागरी हक्क कायद्याने काळ्या माणसांना साक्षीचा हक्क दिला, १८६८ नंतर ते ज्युरीवरही बसू लागले. या दशकातल्या जबान्या सर्वांत बोलक्या आहेत. तेवढीच हिंसाही वाढली. मार्च १८७१ मध्ये यॉर्क काउंटीत काळ्या मिलिशियाचा (राज्याच्या नागरी सैन्यदलाचा) कॅप्टन जिम विल्यम्स याला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त दहशतवादी टोळीने घरातून ओढून नेऊन झाडाला फाशी दिली. टोळीचा म्होरक्या जे. रूफस ब्रॅटन हा तिथला प्रतिष्ठित डॉक्टर. चौकशीत प्रेत तपासायला ज्या वर्गातला माणूस बोलवायचा, तोच वर्ग टोळीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी राज्याच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस (अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा हक्क) स्थगित केलं, आणि खटले केंद्रीय कोर्टात चालले. या भागांसाठी कोरोनरचे कागद बाजूला ठेवून आधी त्या खटल्यांतल्या साक्षी वाचा.

हॅम्बर्गचं प्रकरण मात्र कोरोनरच्या कागदाची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही दाखवतं. ऑगस्टासमोरचं हे गाव १८७१ पर्यंत एजफील्डमध्ये होतं, नंतर नव्या एकन काउंटीत गेलं. ८ जुलै १८७६ रोजी गोऱ्या टोळ्यांनी तिथल्या काळ्या मिलिशियाला वेढलं. एक गोरा आणि सहा काळे मारले गेले. काळ्यांपैकी काहींना पकडल्यावर रात्री एकेक करून बाहेर काढून गोळ्या घातल्या. गावचा ट्रायल जस्टिस प्रिन्स रिव्हर्स, स्वतः पूर्वीचा गुलाम आणि युद्धात उत्तरेच्या पलटणीचा सार्जंट. कोरोनर म्हणून त्याने चौकशी चालवली. ज्युरीने ऐंशीहून अधिक गोऱ्यांची नावं घेतली. त्यांत मॅथ्यू बटलर होते आणि बेन टिलमन होते. एकालाही शिक्षा झाली नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर राज्याची सत्ताच पालटली, आणि बटलर व टिलमन दोघेही पुढे अमेरिकेचे सिनेटर झाले. तरीही रिव्हर्सने जिवावर उदार होऊन घेतलेल्या जबान्या राहिल्या. त्या नसत्या तर त्या रात्रीची हकीगत मारेकऱ्यांच्याच तोंडून ऐकावी लागली असती.

त्यानंतर झुंडबळींच्या चौकशीत एकच वाक्य येत राहतं: ‘ज्युरीला अज्ञात असलेल्या व्यक्तींच्या हातून मृत्यू.’ शेकडो माणसांसमोर, कधी दिवसाढवळ्या घडलेल्या प्रकारातही. हा निकाल वाचताना साक्षीदार किती बोलावले ते मोजा. दोन किंवा तीनच, तेही फक्त प्रेत कसं सापडलं एवढंच सांगणारे असतील, तर ज्युरीने शोध घेतलाच नाही.

फाइल कोणत्या क्रमाने वाचायची

निकालाचा कागद झाकून ठेवा. आधी जबान्या, त्याही ज्या क्रमाने घेतल्या त्या क्रमाने. स्वतःचा एक निकाल लिहा, मग त्यांचा उघडा. दोन्हींत अंतर असेल तर ज्युररांची नावं जनगणनेत शोधा. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या मालकांच्या नावाखाली आहेत, त्यांवरून कोण मालक, कोणाकडे किती, कळतं. आरोपीचा मेव्हणा किंवा सावकार ज्युरीत निघणं नवलाचं नाही.

मग पुढचा माग. ग्रँड ज्युरीने (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या ज्युरीने) आरोप मान्य केला की फेटाळला, हे आरोपपत्राच्या पाठीवर असतं. युद्धापूर्वी फौजदारी कोर्ट वर्षातून दोनदा बसे, वसंतात आणि शरदात. मधल्या महिन्यांत आरोपी टेक्सासला निघून जाई आणि साक्षीदार पांगत. म्हणून खटला नाही याचा अर्थ पुरावा नव्हता असा होत नाही. स्थानिक वर्तमानपत्र, म्हणजे १८३६ पासून निघणारं ‘एजफील्ड अ‍ॅडव्हर्टायझर’, चौकशीच्या पुढच्या एक-दोन अंकांत पाहा. १८६५ नंतरच्या पहिल्या वर्षांसाठी फ्रीडमेन्स ब्यूरोच्या (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या केंद्रीय खात्याच्या) खून आणि अत्याचारांच्या नोंदी अवश्य ताडून घ्या. कोरोनरपर्यंत न पोचलेले कितीतरी मृत्यू तिथे आहेत. बाप्टिस्ट चर्चची इतिवृत्तंही सोडू नका, कारण मारामारी आणि दारूवरून सभासदांना जाब विचारला जाई आणि तिथे गोष्टी मोकळेपणाने लिहिलेल्या असतात.

तारखा दिनदर्शिकेवर टाका. महिन्याचा पहिला सोमवार हा कोर्टासमोरच्या लिलावाचा दिवस. सगळा मुलूख गावात, दारूचे गुत्ते भरलेले. मिलिशियाच्या कवायतीचे आणि निवडणुकीचे दिवसही तसेच. त्या दिवशीच्या भांडणाला साक्षीदार भरपूर आणि सगळे प्यायलेले, तेव्हा परस्परविरोधी जबान्या तिथे स्वाभाविक आहेत. उलट अशा गर्दीतल्या पाच जणांनी शब्दाला शब्द एकच सांगितलं असेल तर संशय घ्या.

या कागदांवरून खुनाचं प्रमाण काढण्याच्या भानगडीत सहसा पडू नका. राज्यभर मृत्यूनोंदणी १९१५ मध्ये सुरू झाली. त्याआधी एकूण मृत्यूंचा आकडा नाही, आणि चौकशा फक्त संशय आलेल्या, कळवलेल्या आणि कागद टिकलेल्या मृत्यूंच्या. कोर्टघरांना आगी लागल्या, गठ्ठे हरवले. फी मिळत असल्याने उत्साही कोरोनरच्या काळात चौकशा वाढलेल्या दिसतात, आळशाच्या काळात घटलेल्या. तो चढउतार हिंसेचा समजला तर सगळा हिशेब बिघडतो.

शेवटी नावांचं. युद्धापूर्वीच्या कित्येक कागदांवर मृताचं नावच नाही. ‘अमक्याच्या मालकीचा निग्रो पुरुष’ एवढंच आहे. तिथे थांबू नका. मालक मेला असेल तर त्याच्या मालमत्तेच्या यादीत गुलाम नावाने आणि किमतीने लिहिलेले असतात. गहाणखतं, विक्रीपत्रं, मृत्युपत्रं यांतही. १८५० आणि १८६० च्या मृत्यू-याद्यांत महिना आणि कारण जुळलं तर नाव मिळू शकतं. जबान्यांत इतर गुलाम त्याचा उल्लेख नावाने करतात का, तेही पाहा. नाव मिळालं की तुमच्या नोंदवहीत पहिल्या रकान्यात ते लिहा आणि मालकाचं दुसऱ्यात.